चार गावं, एक रस्ता : देखभालीच्या नोंदी

१८ मे २०२५, रविवार

पहाटे साडेपाचला फाट्यावरून चालायला लागलो आणि साडेअकराला वरच्या पाड्यावर पोचलो. अंतर १४ किलोमीटर. सोबत टेप, चुन्याची पिशवी, वही आणि मधल्या गावातली दोन पोरं. मे महिना असून रस्ता ओला आहे. यंदा वळवानं पिच्छाच सोडलेला नाही. दोन्ही बाजूंच्या शेतांत उन्हाळ कांदा ताडपत्रीखाली झाकून पडलाय आणि माणसं आभाळाकडे बघत बसली आहेत.

गावांची नावं या वहीत लिहू नका, असं चारही सरपंचांनी सांगितलं आहे. म्हणून खुणेपुरतं: फाट्याचं गाव, मोठं गाव, मधलं गाव आणि वरचा पाडा. पाडा म्हणजे तीन वस्त्यांची मिळून एक गट ग्रामपंचायत. सगळी नाशिक जिल्ह्यात, बागलाणात, मोसमच्या खोऱ्यात. मी या रस्त्यांच्याच नोकरीत तीस वर्षं काढली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. मधल्या गावच्या सरपंचताई घरी आल्या आणि म्हणाल्या, "काका, दुरुस्तीला यंदा वरून काही येणार नाही असं दिसतंय. आपण चार गावांनी मिळून काय करता येईल तेवढं सांगा." त्यासाठी ही पायपीट.

खड्डे मोजले, १२६ निघाले. पण वहीची जास्त पानं बाजूपट्ट्यांनी, म्हणजे डांबराच्या दोन्ही कडांच्या मातीच्या पट्ट्यांनी खाल्ली. बहुतेक ठिकाणी बाजूपट्टी रस्त्यापेक्षा उंच झाली आहे, कुठे चार बोटं, कुठे वीतभर. शेतातली माती, ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल, गवत, वर्षानुवर्षं साठत आलेलं. रस्त्याला मधून दोन्हीकडे ढाळ दिलेला असतो तो पाणी उतरून जावं म्हणून. कडाच उंच झाल्या की रस्त्याची परात होते. डांबराला ऊन सोसतं, वजनही बऱ्यापैकी सोसतं, साचलेलं पाणी सोसत नाही. पाणी खडीवरची डांबराची पकड सोडवतं, चाक येऊन ती खडी उचलून नेतं, आणि चार दिवसांत तिथे खळगा. १२६ मधले ७० खड्डे अशा परातींत आहेत. म्हणजे उद्या कोणी पैसे दिले आणि ते आपण बुजवले, तरी पुढच्या श्रावणात तिथेच पुन्हा पडणार.

२६ मे

मान्सून आज मुंबईत पोचला. नेहमीची तारीख ११ जून, म्हणजे सोळा दिवस आधी. इकडे दुपारी दीड तास पाऊस झाला. छत्री घेऊन मधल्या गावाच्या आणि पाड्याच्या शिवेवर उभा राहिलो. पाऊस चालू असताना रस्ता बघणं याहून चांगली पाहणी नाही. नोकरीत असताना वरिष्ठांना हे सांगून पाहिलं होतं, पण पाहणी दौरे निघायचे ते कोरड्या दिवशी.

शिवेवरच्या नाल्यावर पाइप मोरी आहे. तिचं एक तोंड गाळानं पूर्ण बुजलंय, दुसरं अर्धं. पाणी मोरीतून न जाता रस्त्यावरून जातं आणि खालच्या बाजूचा भराव कापतं. मोरी कोणाच्या हद्दीत आहे या वादात आजवर गाळ निघाला नाही, असं पाड्यावरच्या एका आजोबांनी सांगितलं. नाला हीच शीव आहे.

३ जून, पहिली बैठक

मधल्या गावच्या ग्रामपंचायतीत. चारही सरपंच आले: मधल्या गावच्या आणि पाड्याच्या दोन ताई, मोठ्या गावचे अप्पा, फाट्याचे तरुण भाऊ. दोन ग्रामपंचायत अधिकारी, प्रत्येकाकडे दोन-दोन गावं. पदाचं नाव बदललं तरी सगळे त्यांना भाऊसाहेबच म्हणतात. मोठ्या गावचे जिभाऊही आले. वय ऐंशीच्या पुढे, बोलावलं नव्हतं, पण ते आले हे बरं झालं.

पहिला प्रश्न त्यांचाच. "हाऊ रस्ता कोना शे, ते सांग पहिले."

सांगितलं. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्राममार्ग जिल्हा परिषदेकडे. गावठाणातले रस्ते ग्रामपंचायतीचे. आपल्या १४ किलोमीटरपैकी ९ किलोमीटर इतर जिल्हा मार्ग आहे, उरलेला बहुतेक ग्राममार्ग, आणि गावठाणांतून जातो तेवढा आपला.

"म्हणजे आपला नाहीच," अप्पा म्हणाले.

यावर पाड्याच्या ताई पहिल्यांदा बोलल्या. त्यांच्याकडे कांदा भरायला येणारा पिकअपवाला मोठ्या गावापेक्षा क्विंटलमागे जास्त भाडं घेतो, आणि पाऊस झाला की येतच नाही. "रस्ता कोणाचाही असो, भाडं आम्ही भरतो," एवढंच. त्यावर कोणी काही बोललं नाही.

पैशांचा हिशेब भाऊसाहेबांनी मांडला. पंधराव्या वित्त आयोगाचा जो निधी ग्रामपंचायतीला मिळतो त्यातला ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा. अबंधित ४० टक्के. रस्ते, मोऱ्या हा विषय राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांत आहे, म्हणून अबंधितमधून दुरुस्ती करता येते, पण पगार देता येत नाही. आणि या आयोगाची मुदत ३१ मार्च २०२६ ला संपते. दुसरा पैसा स्वनिधी, म्हणजे घरपट्टी. पाड्याची घरपट्टी किती येत असेल ते सांगायला नको.

११ जून

जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागात उपअभियंत्यांना भेटलो. वयानं माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान. आडवं काही बोलले नाहीत, खुर्ची दिली, रस्त्याचा नकाशा काढला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहून ठेवतो. रस्त्यांच्या पैशाला दोन लेखाशीर्षं: ३०५४ देखभाल-दुरुस्तीचं, ५०५४ नव्या बांधकामाचं. कात्री लागते तेव्हा ती आधी ३०५४ ला लागते, हा माझा तीस वर्षांचा अनुभव. नव्या कामाला नारळ फुटतो, फलक लागतो, लोक जमतात. रस्त्याकडेच्या चारीतला गाळ काढला तर कोणी फलक लावत नाही. म्हणून सात वर्षं टिकणारा रस्ता तिसऱ्या वर्षी मरतो आणि मग पुन्हा नव्यानं करण्यासाठी मागणी जाते. वेळेवरच्या फावड्याचे पैसे वाचवायचे आणि त्याच्या कितीतरी पट पुढे डांबरावर घालायचे, हे बघून मला आजही चीड येते.

उपअभियंते म्हणाले, गवत कापणं, चारी मोकळी करणं, मोरीचा गाळ काढणं, बाजूपट्टी खाली घेणं याला ते लेखी ना हरकत देतील. डांबराच्या कामाला मात्र तांत्रिक मान्यता लागेल आणि मोजमाप पुस्तिकेत नोंद त्यांचाच कनिष्ठ अभियंता करील. हे योग्यच आहे, मी लगेच मान्य केलं. रस्ता त्यांच्या नोंदवहीतून सुटता कामा नये. नाहीतर उद्या "गावं बघतात ना" म्हणून तो कायमचाच गावांच्या गळ्यात पडेल.

१९ ते २१ जून, वाहनमोजणी

मोठ्या गावाच्या वरच्या अंगाला बसथांब्यावर पोरं बसवली, पहाटे पाच ते रात्री नऊ. चाळीतला कांदा निघायला लागलाय. विंचूर-प्रकाशा रस्त्याला लागून पुढे बाजार समित्यांकडे जाणारी वाहनं यात आली. तीन दिवसांत मालाचे दर दहा ट्रॅक्टर-पिकअप धरले तर साधारण सहा मोठ्या गावचे, दोन फाट्याच्या गावचे, दीड मधल्या गावचं आणि पाड्याचं जेमतेम अर्धं.

आता लांबी बघा. १४ पैकी पाच किलोमीटर पाड्याच्या हद्दीत, सर्वांत जास्त. मोठ्या गावच्या हद्दीत फक्त अडीच.

२४ जून, वाटा कसा?

आजची बैठक साडेतीन तास चालली. वहीत सगळी लिहितो, कारण या कामाची गाठ इथेच होती.

अप्पांचं म्हणणं, ज्याच्या हद्दीत जेवढी लांबी तेवढा त्याचा खर्च. ऐकायला सरळ. पण त्यानं सर्वांत गरीब पंचायतीवर सर्वांत मोठा बोजा येतो, आणि मोठ्या गावचे लोक वरच्या रानातला माल त्याच पाच किलोमीटरवरून खाली आणतात. फाट्याचे भाऊ म्हणाले, घरांच्या संख्येवर वाटा करू. मधल्या गावच्या ताई म्हणाल्या, वाहनांवर. मी पोरांची मोजणी पुढे ठेवली. अप्पांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "पाड्यानं पैसे देऊ नयेत, माणसं द्यावीत. श्रमदान करावं." मला ते बरं वाटलं, खरं सांगतो. मी मान डोलावली.

पाड्याच्या ताई म्हणाल्या, "आम्ही पैसे देऊ. थोडे देऊ पण देऊ. नुसते हात दिले तर हिशेब विचारायला आम्हाला तोंड राहणार नाही."

मी डोलावलेली मान मला तिथेच टोचली. गरिबानं घाम द्यायचा, सधनानं पैसा द्यायचा, आणि मग वही पैसेवाल्याकडे राहायची, हे मला दिसायला हवं होतं.

मग जिभाऊंनी फडाची गोष्ट काढली. मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर शेकडो वर्षांपासूनचे बंधारे आहेत. बंधाऱ्याखालचं भिजणारं रान म्हणजे थळ, थळाचे फड पाडायचे, एका फडात एक पीक, दरसाल पीक फिरवायचं. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, वर देखरेखीला हवालदार. पाणी सुटायच्या आधी सगळ्यांनी मिळून पाट साफ करायचा. जिभाऊंनी लहानपणी पाटाच्या सफाईला वडिलांबरोबर जाऊन टोपल्या उचलल्या आहेत. ते म्हणाले, माझं शेत पाटाच्या तोंडाशी होतं म्हणून मी तोंडापाशीच खोदलं असं कधी झालं नाही. गाळ शेपटाला असेल तर शेपटाला जायचं. तोंडाशी पाट कितीही साफ असला आणि खाली तुंबला, तर पाणी उलटून आपल्याच रानात येतं.

यानंतर ठरलं ते असं. एकत्र खातं काढायचं नाही. चार पंचायतींचं एक खातं म्हणजे लेखापरीक्षणाला चार तोंडांनी उत्तरं. पैशांऐवजी दिवस वाटून घ्यायचे, पाण्याच्या पाळीसारखे. महिन्याला कामाचे २४ दिवस. मोठं गाव १०, फाट्याचं गाव ६, मधलं गाव ५, पाडा ३. प्रत्येक पंचायत आपल्या दिवसांची मजुरी आपल्या हजेरीपटावर, आपल्या स्वनिधीतून देईल.

आणि एक अट, जिच्यावर शेवटचा तास गेला: ज्या गावानं दिवस दिला त्याच गावात तो खर्च होईलच असं नाही. पाणी जिथे तुंबलं असेल तिथे माणसं जातील. अप्पा उठून बाहेर गेले, पाणी पिऊन आले आणि म्हणाले, "लिहा."

७ जुलै

पाळीच्या दिवसांना कामाला जोडी मिळाली. पाड्यावरचे नवरा-बायको, दोघंही पूर्वी ठेकेदाराकडे रस्त्याच्या गँगमध्ये काम केलेले. रोजगार हमीचा यंदाचा दर ३१२ रुपये. त्यावर कोणीच यायला तयार नव्हतं, कारण कांद्याच्या रानात त्याहून जास्त मिळतात. रानातला चालू दर द्यायचं ठरलं, दोघांनाही सारखाच. बाईला कमी का द्यायचा, हा प्रश्न भाऊसाहेबांनी स्वतःहून काढला, त्यांचे आभार.

हत्यारं: दोन फावडी, टिकाव, चार घमेली, दोन विळे, माती ठोकून बसवायला एक धुमस.

मी नोकरीला लागलो तेव्हा दर थोड्या अंतराला मैलकुली असायचा. किलोमीटर येऊन जमाना झाला होता तरी नाव मैलकुलीच. त्याचा तुकडा त्याला ठाऊक असायचा, पहिला पाऊस पडला की तो फावडं घेऊन बाहेर. ती माणसं निवृत्त होत गेली, जागा भरल्या गेल्या नाहीत. आता रस्त्यावर रोज चालणारं माणूसच उरलं नाही. चार पंचायतींना मिळून परवडलं ते हेच, एक चालणारी जोडी. एकट्या पंचायतीला हे जमलं नसतं.

आठवड्यानं कळलं, लोक त्यांना "रस्त्याचे पाटकरी" म्हणायला लागलेत.

२ ऑगस्ट

शिवेवरची मोरी मोकळी झाली. गाळ काढायला नऊ दिवस लागले, त्यातले सहा दिवस मोठ्या गावचे. आत दगड, काटेरी झुडपं, ठिबकच्या जुन्या नळ्यांचे वेटोळे आणि एक अख्खी सिमेंटची गोणी, भिजून दगड झालेली.

१५ ऑगस्ट

चारही ग्रामसभांत ठराव घ्यायचा होता. तिघांत झाला. फाट्याच्या गावी गणपूर्ती झाली नाही, १०० माणसं बसेनात. सभा तहकूब. पुढच्या सभेला गणपूर्तीची अट नसते, तेव्हा होईल.

९ सप्टेंबर

गेले तीन आठवडे एकच विषय, बुजवलेल्या चाऱ्या. रस्त्याकडेची चारी ओलांडून ट्रॅक्टर शेतात न्यायचा असतो, म्हणून शेतकरी तेवढ्या भागात मुरूम टाकून ती बुजवतो. पाणी अडतं आणि रस्त्यावर येतं. १४ किलोमीटरमध्ये अशा २२ जागा. सरळ नोटीस काढावी असं एका भाऊसाहेबांचं मत. मी नको म्हणालो. ट्रॅक्टर शेतात न्यायचा तर वाट हवीच, त्यात त्याचं काय चुकलं?

घरोघर गेलो. ३०० मिलिमीटरची सिमेंटची नळी शेतकऱ्यानं आणायची, बसवून जोडी देईल. १७ जण तयार झाले. दोघांनी नळ्या आणूनही दिल्या. उरलेल्या पाचांपैकी एकानं मला चहा पाजून सांगितलं, "काका, तुमचं पटतं, पण नळीला पैसे दिवाळीनंतर." त्यात खोटं काही नव्हतं. मेमध्ये भिजलेल्या कांद्याचे पैसे कोणाच्याच हातात आलेले नाहीत.

पाइपलाइनसाठी रस्ता आडवा कापणं हा दुसरा रोग. यापुढे कापायचा असेल तर आधी पंचायतीला सांगायचं आणि मुरूम-खडी थराथरानं धुमसून भरायची, असा ठराव मोठ्या गावानं आपणहून केला.

२८ सप्टेंबर

काल आणि आज धो धो. गोदावरीला पूर आल्याचं नाशिकहून भाचीनं कळवलं. मोसमही दुथडी भरून चाललीय.

दुपारी रस्ता बघितला. परातींच्या जागी पाणी थांबत नाही. शिवेवरची मोरी दोन्ही तोंडांनी वाहतेय, भराव शाबूत. पावसात भिजत उभा राहिलो आणि मनापासून आनंद झाला.

संध्याकाळी तो आनंद उतरला. मधल्या गावाच्या वळणावर चारीचं पाणी मी जिथे सोडायला सांगितलं होतं, तिथून ते एका शेतकऱ्याच्या कांद्याच्या रोपात घुसलं. सात गुंठे रोप गाळाखाली. हे माझं चुकलं. मी पाणी रस्त्यावरून उतरवण्याचा विचार केला, ते उतरून नाल्यापर्यंत कसं जाईल याचा केला नाही. मध्ये बांध होता, आणि बांधापलीकडे रोप आहे हे मी ऑगस्टमध्ये बघितलं नव्हतं, कारण तेव्हा ते टाकलेलंच नव्हतं. तरी बांधापलीकडे कोणाचं तरी रान आहे, एवढं तर दिसत होतं.

३० सप्टेंबर

त्या दादांच्या घरी गेलो. ते बोलले नाहीत, वहिनी बोलल्या. बियाण्याला काय पडलं ते सांगितलं. ऐकून घेतलं. अप्पांनी आपल्या रोपातून आणि मधल्या गावच्या दोघांनी आपल्यातून रोप द्यायचं कबूल केलं. सगळी भरपाई नाही झाली, निम्मीच्या वर झाली. वळणापासून नाल्यापर्यंत ६० मीटर नवी चारी खोदायला उद्यापासून जोडी लागेल. जागा बांधाच्या कडेनं त्याच दादांनी दिली. ही चारी माझ्या डोक्यात सहा महिने आधी असायला हवी होती.

१६ ऑक्टोबर

नाशिकला गेलो, इमल्शन (पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर) आणि हॉटमिक्स (प्लांटवर तयार होणारा गरम डांबर-खडीचा माल) यांचे दर काढायला. देवळा, भावडबारी, सोग्रस फाटा, मग मुंबई-आग्रा महामार्ग. शहरात सिंहस्थाच्या तयारीची लगबग आहे. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. यंत्रं, प्लांट, ठेकेदार सगळे तिकडे गुंतलेले. आडमार्गाच्या कामाला दर मिळतो तो चढाच, आणि तारीख तर मिळतच नाही.

परतताना ओझरला थांबलो. वाघाड धरणाचं पाणी २४ पाणीवापर संस्था वाटून घेतात, पाणीपट्टी त्याच गोळा करतात. सुरुवात नव्वदच्या दशकात झाली; शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा राज्यात त्यानंतर, २००५ मध्ये आला. तिथल्या एका जुन्या कार्यकर्त्याला विचारलं, भांडणं कशी मिटवता? ते म्हणाले, पाण्यावरून भांडण कमी होतं, हिशेबावरून जास्त. वही कपाटात ठेवू नका. परत येऊन चारही पंचायतींच्या भिंतीवर महिन्याचा हजेरीपट लावायला सांगितलं.

१८ नोव्हेंबर, डांबराचा दिवस

ऑक्टोबरअखेरपर्यंत पाऊस लांबला, म्हणून आज. खड्डे पुन्हा मोजले होते: १३१. जूनपासूनच्या एवढ्या पावसात फक्त पाच वाढले. क्षेत्रफळ सुमारे १७० चौरस मीटर.

गावांनी एकत्र का यायचं, याचं सर्वांत सोपं उत्तर आजच्या डंपरमध्ये होतं. दहा टन माल पाच सेंटिमीटर जाडीनं दाबला की साधारण ८५ चौरस मीटर होतो. एकट्या मधल्या गावाचे खड्डे ३० चौरस मीटरचे. प्लांटवाला साडेतीन टनांसाठी गाडी पाठवत नाही, आणि दहा टन घेतले तर उरलेला थंड होऊन ढेकूळ होतो. इमल्शनचंही तेच, एक पिंप उघडलं की एका गावाला संपत नाही, आणि पडून राहिलं तर बिघडतं. चौघांचे मिळून बरोबर दोन डंपर. चार कामं, चार तांत्रिक मान्यता, चार मोजमाप पुस्तिका, पण गाड्या दोन आणि दिवस एक.

तयारी तीन दिवस आधीपासून. प्रत्येक खड्ड्याची कड चौकोनी आणि उभी कापली. गोल, उतरत्या कडेचा खड्डा नुसता भरला तर कडेचा पातळ थर पहिल्याच महिन्यात उखडतो. आतली माती, सैल खडी काढून झाडून कोरडं केलं. आज सकाळी इमल्शन मारलं. मारताना ते तपकिरी असतं. काळं पडेपर्यंत थांबायचं, तोवर वर माल टाकायचा नाही. मजुरांना घाई असते, डंपरवाल्याला त्याहून जास्त. पहिल्या तुकड्यात मी कनिष्ठ अभियंत्याला हात धरून थांबवलं. चांगला मुलगा आहे, दुसऱ्या तुकड्यापासून तोच इतरांना थांबवत होता.

पहिला डंपर पावणेदहाला आला, ताडपत्रीखाली. मालाचं तापमान १४५ अंश. पसरताना १४० च्या आसपास हवं आणि रोलर फिरून होईपर्यंत ९० च्या खाली जाता कामा नये. म्हणून लांबचं आधी, पाड्यापासून सुरुवात करून खाली यायचं ठरवलं होतं. यावरही वाद झाला, आमच्या गावात थंड माल येणार म्हणून. प्रत्येक तुकड्याला थर्मामीटर खोचून दाखवलं. पहिल्या डंपरच्या शेवटच्या तीन खड्ड्यांत १२८ अंश भरले. ठरवल्याहून कमीच. तेवढे तीन खड्डे वहीत वेगळे लिहून ठेवलेत. पावसाळ्यानंतर आधी ते बघायचे.

दुसरा डंपर दीडला येणार होता, साडेतीनला आला. शेवटचे अकरा खड्डे ट्रॅक्टरच्या दिव्यात केले. जोडी, गँग, दोन्ही भाऊसाहेब, फाट्याच्या गावची पोरं. मोठ्या गावातून सगळ्यांसाठी भाकरी आणि मटकीची उसळ आली.

१२ डिसेंबर

मोठ्या गावाचे नोव्हेंबरचे दहा दिवस थकले. जोडीची मजुरी अडली. अप्पा म्हणतात स्वनिधीत पैसे नाहीत, पथदिव्यांच्या बिलात गेले. मला राग आला आणि तो मी दाखवलाही. दोघं रोज सात किलोमीटर चालतात, त्यांच्या घरी दुसरी मिळकत नाही. पदरचे द्यावेत असं मनात आलं, पण दिले नाहीत. मी एकदा दिले की पुढे तेच चालू राहील आणि पंचायतींची पाळी मोडेल. दोघांना तसं सांगणं मात्र जड गेलं.

१९ डिसेंबर

बैठक. भिंतीवरचा हजेरीपट काढून टेबलावर ठेवला होता. पाड्याच्या ताईंनी तीन दिवसांची पावती वर ठेवली आणि विचारलं, "अप्पा, आमचे तीन भरले. तुमचे दहा कुठेत?" स्वर चढवला नाही.

अप्पा थोडा वेळ पटाकडे बघत राहिले. घरपट्टी वसुली सुरू आहे, ३१ तारखेच्या आत देतो म्हणाले. जिभाऊ कोपऱ्यात बसले होते, त्यांनी काठी उचलून दुसऱ्या हातात घेतली, बोलले काही नाहीत.

३० डिसेंबर

मोठ्या गावाचे दहाही दिवस जमा. जोडीला मिळाले.

२८ जानेवारी २०२६

लाल कांदा जोरात निघतोय, डाळिंबाच्या गाड्याही आहेत. आज पुन्हा पूर्ण चाललो. नोव्हेंबरमधल्या खड्ड्यांपैकी चार उखडलेत. त्यातले दोन वहीत वेगळे लिहिलेल्या तिनांतले. बाकीचे दोन पाइपलाइनच्या जुन्या कापावरचे, तिथे खालचा भरावच बसलाय. वरून कितीही डांबर ओतलं तरी उपयोग नाही, खोदून पुन्हा भरावं लागेल. पाड्यावर पिकअप आता जातो. ताई म्हणतात भाडं उतरलंय, पण मोठ्या गावाएवढं अजून नाही.

मार्चनंतर अबंधित निधीचं चित्र काय असेल ते बघून पुढच्या वर्षीचे डांबराचे पैसे ठरतील. दिवसांची पाळी त्यावर अवलंबून नाही, ती घरपट्टीवर आहे, म्हणून ती चालू. पुढच्या वर्षासाठी वाहनमोजणी पुन्हा करायची, अशी मागणी अप्पांनी केली आहे. त्यांच्या मते फाट्याच्या गावात दोन नवी शेड झाली, तिकडच्या गाड्या वाढल्या. त्यांचं बरोबर असू शकतं. पोरांना एप्रिलमध्ये पुन्हा बसवू.

नळ्यांपैकी पाच जागा राहिल्या होत्या, त्यातल्या तीन झाल्या. उरलेल्या दोघांकडे रविवारी जायचं. जोडी उद्यापासून वळणावरच्या नव्या चारीत, तिच्या तोंडाशी गाळ धरलाय. दोन घमेली फुटली आहेत, मधल्या गावातून आणायची.